खोट्या सनदेवर साडेपाचशे वर्षं: हॅब्सबर्ग घराण्यावरचे तुमचे प्रश्न

मागच्या अंकात व्हिएन्नाच्या राजवाड्यांवर अर्धं पान टाकलं होतं आणि त्यात एक वाक्य सहज लिहून गेलो होतो, की ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग राजघराण्यातल्या लोकांनी राज्यापेक्षा स्वतःची गोष्ट जास्त जपली. त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज येतील असं वाटलं नव्हतं. सगळी छापणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, राग मानू नका.

प्रश्न : मे महिन्यात आम्ही युरोप टूर केली. व्हिएन्नात गाइड म्हणाला की या घराण्याकडं ज्युलियस सीझरची सही असलेला कागद होता. बसमधले सगळे हसले, पण तो सिरीयसली सांगत होता. खरंच असं काही होतं का? आणि होतं तर एवढं मोठं खोटं पकडलं कसं नाही कुणी? (जुळे सोलापूरहून एक निवृत्त बँक अधिकारी)

पकडलं की साहेब! लगेच पकडलं, आणि तरी चाललं, खरी गंमत तिथंच आहे.

थोडं मागं जाऊ. हॅब्सबर्ग म्हणजे मुळात आजच्या स्वित्झर्लंडातल्या आरगाऊ भागातली एक गढी, आणि तिथले हे सरदार. त्यातला रुडॉल्फ १२७३ साली जर्मन राजा म्हणून निवडला गेला, निवडणाऱ्यांना फार ताकदवान माणूस नको होता हेही एक कारण. पण या गड्यानं १२७८ मध्ये बोहेमियाच्या ऑटोकार राजाला लढाईत मारलं आणि ऑस्ट्रिया आपल्या पोरांना देऊन टाकला. म्हणजे ऑस्ट्रियात हे बाहेरून आलेले, नवे पाटील. पुढं १३५६ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा, म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखाचा, सम्राट चौथ्या कार्लनं नियम केला की इथून पुढं सम्राट निवडायचा हक्क फक्त सात जणांना, आणि त्या सातात हॅब्सबर्ग नाहीत. झालं! दोन वर्षांनी, १३५८ मध्ये, घराण्याचा कर्ता झाला चौथा रुडॉल्फ, वय विशीच्या आतबाहेर, आणि वर सम्राट कार्ल त्याचा सख्खा सासरा. सासऱ्यानं यादीतून नाव गाळलं म्हटल्यावर जावई गप्प बसतोय होय.

१३५८-५९ च्या सुमारास रुडॉल्फच्या दरबारी कारकुनांनी पाच जुन्या सनदा ‘शोधून काढल्या’. ऑस्ट्रियाचा ड्यूक हा साधा ड्यूक नाही, त्याच्या टोपीवर मुकुटासारखी टोकं असतील, तो सम्राटाकडून वस्त्रं घेताना घोड्यावरून खाली उतरणार नाही, असं सगळं त्यात. आणि यातल्या एका सनदेत दोन पत्रं उतरवून घेतलेली, एक सीझरचं आणि एक नीरोचं, की बाबांनो ऑस्ट्रियाला आम्ही खास हक्क दिलेले आहेत. म्हणजे तुमचा गाइड बरोबर होता, फक्त सही नव्हती, पत्राची नक्कल होती.

कार्लला वास आलाच. त्यानं ते पत्र १३६१ मध्ये पेट्रार्ककडं पाठवलं, इटलीतला कवी आणि रोमन लिखाणाचा पक्का अभ्यासक. पेट्रार्कनं चिंध्या केल्या त्याच्या. सीझर स्वतःला ‘आम्ही’ असं कधी म्हणत नव्हता, हा पठ्ठ्या म्हणतोय. ‘ऑगस्टस’ ही पदवी सीझरनंतरची, इथं सीझरच ती मिरवतोय. आणि तारीख काय टाकलीय, तर रोममध्ये, शुक्रवारी, आमच्या राज्याच्या पहिल्या वर्षी. अरे पण कुठला शुक्रवार? महिना नाही, कॉन्सलांची, म्हणजे रोमच्या त्या वर्षीच्या मुख्य अधिकाऱ्यांची, नावं नाहीत, आणि सीझर राजा कधी झाला? तहसील कचेरीतला नवा क्लार्कसुद्धा असा कागद परत पाठवेल.

मग कुणालाही वाटेल की विषय संपला. रुडॉल्फ १३६५ मध्ये गेलाही, जेमतेम २५ वर्षांचा होऊन. पण घराण्यानं तो कागद फेकला नाही, जपून ठेवला. आणि जवळजवळ शंभर वर्षांनी याच घराण्यातला तिसरा फ्रेडरिक सम्राट झाला आणि त्यानं १४५३ मध्ये आपल्याच घरची खोटी सनद सम्राट म्हणून मंजूर करून टाकली. अर्ज करणारे आपणच, मंजुरी देणारे आपणच. त्या क्षणापासून सनद कायदेशीर झाली, आत सीझर काय म्हणतो आणि पेट्रार्क काय म्हणाला याला काडीची किंमत उरली नाही. १८५२ साली विल्हेल्म वाटनबाख नावाच्या इतिहासकारानं सगळं नीट सिद्ध करून छापलं, तोवर चारशे वर्षं होऊन गेलेली.

आणि शाळेत पहिल्या महायुद्धाचं कारण म्हणून आपण सगळ्यांनी काय पाठ केलंय? साराजेव्होत १९१४ साली आर्चड्यूक फ्रान्सिस फर्डिनांडचा खून. तो ‘आर्चड्यूक’ हा किताब याच खोट्या कागदातून आला. चौदाव्या शतकातल्या चिडलेल्या जावयानं काढलेलं पद विसाव्या शतकात सोलापूरच्या दहावीच्या पेपरात आलं, बोला आता.

फक्त युरोपला हसायचं कारण नाही बरं का. हैदराबाद रोडनं गेलं की बसवकल्याण लागतं, ते कल्याणीच्या चालुक्यांचं राजधानीचं गाव, आपला हा सगळा भाग त्यांच्या राज्यात होता. सहाव्या विक्रमादित्याच्या दरबारी बिल्हण कवी होता, त्यानं लिहून ठेवलंय की या घराण्याचा मूळपुरुष ब्रह्मदेवाच्या ओंजळीतल्या पाण्यातून निघाला. आणि विक्रमादित्यानं १०७६ पासून स्वतःच्या नावाचा शकच सुरू केला. आपल्याकडच्यांनी थेट ब्रह्मदेव गाठला, सीझरवर थांबले नाहीत. पण चालुक्य संपले तशी ती गोष्ट शिलालेखात आणि काव्यात राहिली. हॅब्सबर्गांना मात्र प्रत्येक पिढीत कुणीतरी असा भेटत गेला, जो मागच्या पिढीची थाप उचलून तिच्यावर नवा शिक्का मारायचा. माझ्या मते सगळं रहस्य एवढंच आहे.

प्रश्न : माझा साधा प्रश्न आहे. एवढे पुतळे, एवढी चित्रं, एवढी पुस्तकं, पैसा कुठनं यायचा? कारण आम्हाला एक मशीन घ्यायचं तर बँकेत दहा चकरा. (पूर्व भागातल्या टॉवेल कारखान्यात हिशेब बघणारे एक वाचक)

पैसा नव्हताच हो! उधारी. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण याबद्दल लिहायचंच होतं.

फ्रेडरिकचा मुलगा पहिला मॅक्सिमिलियन, १४५९ ते १५१९. या माणसाला आपलं नाव मागं राहावं याचा नादच होता. त्याच्या नावावरच्या एका पुस्तकात म्हटलंय की जो जिवंतपणी स्वतःची आठवण तयार करत नाही त्याला मेल्यावर चर्चच्या घंटेच्या शेवटच्या टोल्याबरोबर लोक विसरतात. मग काय, त्यानं माणसं कामाला लावली. वंशावळ लिहिणारे पंडित ठेवले, ते मागं मागं जात ग्रीक दंतकथेतल्या ट्रॉयच्या हेक्टरपर्यंत आणि पुढं नोहापर्यंत पोचले, हो तोच महापुरातला नोहा. स्वतःच्या लग्नाच्या प्रवासावर काव्य लिहून घेतलं, त्यात हा हिरो.

रोमन सम्राट दगडी कमानी बांधायचे, तशी याला हवी होती, पण दगडाला पैसे कुठले. म्हणून कागदावर बांधली. आल्ब्रेख्त ड्युररसारख्या कलाकाराला घेऊन १९० पेक्षा जास्त लाकडी ठसे कोरून घेतले, त्याचे छाप ३६ मोठ्या कागदांवर घेतले, आणि ते एकाला एक चिकटवले की साडेतीन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद अशी कमान तयार. मधोमध वंशवृक्ष, बाजूला लढाया आणि लग्नं, वर हा स्वतः. १५१७-१८ मध्ये सातशेच्या आसपास संच छापले, म्हणजे राजवाड्यात नाहीतर टाऊन हॉलच्या भिंतीवर डकवता यावेत म्हणून. थोडक्यात चौकातला फ्लेक्स, फक्त कलाकार जगातला एक नंबरचा. दगडाची कमान एका गावात उभी राहते, कागदाची सातशे ठिकाणी पोचते, हे त्याला १५१७ सालात कळलं होतं म्हणजे बघा.

इन्सब्रुकला त्यानं स्वतःच्या समाधीचा घाट घातला. भोवती माणसापेक्षा मोठे ४० ब्राँझचे पूर्वज उभे करायचे ठरलं, २८ झाले. त्या पूर्वजांत कोण, तर इंग्लंडच्या दंतकथेतला किंग आर्थर! त्याचं नातं काय विचारू नका, पण पुतळा इतका देखणा आहे की नातं विचारायचं सुचतच नाही. आणि एवढं करून समाधी रिकामी आहे, बुवाला पुरलंय वीनर नॉयश्टाटला. शेवटच्या आजारपणात तो इन्सब्रुकला आला तेव्हा मागची बिलं थकली म्हणून तिथल्या खानावळवाल्यांनी त्याच्या लवाजम्याला ठेवून घ्यायला नकार दिला असं सांगतात. ज्या गावात पूर्वजांचे पुतळे उभे करायचे त्याच गावात उधारी बंद.

आता तुमच्या धंद्याशी जुळणारी गोष्ट. यांना पैसे देणारा मोठा सावकार म्हणजे आउग्सबुर्गचा याकोब फुगर. आणि हे फुगर मूळचे कोण? विणकर! याकोबचा आजा हान्स १३६७ मध्ये खेड्यातून आउग्सबुर्गला आला तो माग चालवायला. तिथून कापडाचा व्यापार, मग चांदी-तांब्याच्या खाणी, मग थेट सम्राटांना कर्ज. १५१९ मध्ये मॅक्सिमिलियनचा नातू पाचवा चार्ल्स सम्राटपदाच्या निवडणुकीला उभा राहिला, तेव्हा त्या सात मतदारांना खूश करायला साधारण साडेआठ लाख फ्लोरिन (सोन्याची नाणी) लागले, त्यातले पाच लाखांच्या वर एकट्या फुगरचे. वसुली लांबली तेव्हा फुगरनं १५२३ मध्ये चार्ल्सला सरळ पत्र लिहिलं, की महाराज, माझ्याशिवाय तुम्हाला हा मुकुट मिळाला नसता हे सगळ्यांना माहितीये. विणकराच्या नातवानं सम्राटाला असं लिहायचं म्हणजे छाती पाहिजे. नोहा आणि हेक्टर भिंतीवर ठीक आहेत, मुकुट फुगरच्या वहीतून आला.

प्रश्न : ए, ई, आय, ओ, यू असं त्यांच्या इमारतींवर कोरलंय म्हणे, हे इंग्लिश स्वरच ना? (नवी पेठ)

अक्षरं तीच, ओळ त्यांची. तिसऱ्या फ्रेडरिकनं ती भांड्यांवर, पुस्तकांवर, दारांवर, जिथं जागा मिळेल तिथं टाकली, आणि नक्की अर्थ नीट सांगितला नाही. मग लोकांनीच शेकड्यानं अर्थ लावले, त्यातला सगळ्यात गाजलेला ‘जगावर राज्य करणं ऑस्ट्रियाच्या नशिबी आहे’ असा. जेव्हा हे चाललं होतं तेव्हा हंगेरीच्या राजानं याला खुद्द व्हिएन्नातून हाकलून दिलं होतं, १४८५ ची गोष्ट. अर्थ उघडा न सांगण्यात हुशारी होती, एवढंच म्हणतो.

प्रश्न : ‘दुसऱ्यांनी लढाया कराव्यात, तू भाग्यवान ऑस्ट्रिया, लग्नं कर’ अशी त्यांच्याबद्दल म्हण आहे. पण नात्यात लग्नं करून वंश बुडाला असंही वाचलं. आमच्यात मामा-भाचीचं लग्न चालतं, म्हणून कुतूहल. (अशोक चौक परिसरातील निवृत्त शिक्षिका)

बाई, म्हण बरोबर आहे पण अर्धी. मॅक्सिमिलियननं बर्गंडीच्या मेरीशी लग्न केलं, नेदरलँड्स आलं. मुलाचं लग्न स्पेनमध्ये लावलं, स्पेन आणि त्याच्या मागोमाग अमेरिका आली. नातवंडांची लग्नं हंगेरी-बोहेमियाशी लावली आणि १५२६ मध्ये मोहाचच्या लढाईत तिथला तरुण राजा तुर्कांसमोर मेला तेव्हा तीही दोन राज्यं आली. पण प्रत्येक ठिकाणी ताबा टिकवायला नंतर तलवार लागलीच की. म्हणीत ते येत नाही.

मामा-भाचीचं म्हणाल तर स्पेनच्या दुसऱ्या फिलिपनं सख्ख्या बहिणीच्या मुलीशी लग्न केलं, चौथ्या फिलिपनंही तेच केलं. आपल्याकडं गावात दोन-चार घरांत असं लग्न होणं वेगळं आणि दोनशे वर्षं त्याच दोन घरांत पोरी इकडून तिकडं आणि तिकडून इकडं देत राहणं वेगळं. शेवटचा दुसरा चार्ल्स, त्याचं रक्त किती आपसातलं होतं याचा हिशेब स्पॅनिश संशोधकांनी २००९ मध्ये मांडला, तर तो सख्ख्या भावाबहिणीला मूल झालं तर जेवढं येईल तेवढा भरला. बोलायला उशीर, चालायला उशीर, मूल नाही, आणि १७०० साली चाळिशीच्या आत गेला. मग त्या गादीसाठी अख्खा युरोप लढला.

आणि ती जबड्याची गोष्ट. खालचा जबडा पुढं आलेला, ओठ लोंबता. दुसरं कुणी असतं तर चित्रकाराला दटावून तो झाकायला लावला असता. यांनी नाही झाकला, नाण्यांवर, तैलचित्रांत, सगळीकडं तसाच. जबडा दिसला की हा हॅब्सबर्ग, ओळखपत्र वेगळं लागत नाही. देवाने दिलेली निशाणी म्हणून मिरवला गेला, आणि तो नक्की कशाचा पुरावा होता हे वर आलंच.

प्रश्न : मी एक रील बघितलं. शवपेटी घेऊन येतात, दार वाजवतात, आतून कोण म्हणून विचारतात, पदव्या सांगितल्या तर दार उघडत नाहीत. अंगावर काटा आला!! ही प्रथा किती जुनी आहे? (संगमेश्वर कॉलेजजवळ राहणारी विद्यार्थिनी)

काटा येतो खरा. तू बघितलंस ते बहुतेक जुलै २०११ चं, शेवटच्या सम्राटाचा मुलगा ऑटो याचा अंत्यविधी. व्हिएन्नात कापुचिन साधूंच्या चर्चखाली घराण्याचं दफनघर आहे, १६१८ च्या सुमाराला सम्राज्ञी ॲनानं सोय केली तेव्हापासूनचं. दार वाजतं, आतून साधू विचारतो, कोण आलंय? बाहेरून माणूस वाचायला लागतो, ऑस्ट्रियाचा, हंगेरीचा, बोहेमियाचा, दमच लागतो एवढी यादी. आतून उत्तर, आम्ही याला ओळखत नाही. दुसऱ्यांदा त्यानं आयुष्यात कमावलेलं सांगतात, डॉक्टरेट, युरोपियन संसदेचा सदस्य वगैरे. ओळखत नाही. तिसऱ्यांदा नुसतं ऑटो, एक मर्त्य पापी माणूस. मग दार उघडतं.

आता तुझा प्रश्न, किती जुनी? लोकांना वाटतं शेकडो वर्षांची. पण १९१६ मध्ये फ्रान्झ जोसेफ गेला, ६८ वर्षं राज्य केलेला, एवढा मोठा माणूस, तेव्हा हे असं झाल्याचा पुरावा इतिहासकारांना सापडत नाही. आपण बघतो त्या रूपात ते १९८९ मध्ये ऑटोच्या आईच्या, झिटाच्या अंत्यविधीला झालं आणि मग २०११ ला. म्हणजे राज्य १९१८ ला गेलं आणि राज्याचा सगळ्यात गाजलेला विधी टीव्हीच्या जमान्यात डोळ्यांसमोर आला. मला तर हे सीझरच्या पत्रापेक्षा भारी वाटतं, कारण इथं कुणी खोटा कागद केलाच नाही, लोकांनी आपणहून जुनेपण बहाल केलं.

पण ते लोकांना का पटलं, तर नम्रतेची ही तालीम घराण्यात खरोखर जुनी होती. अगदी पहिल्या रुडॉल्फची गोष्ट सांगायचे, की शिकारीला निघाला होता, वाटेत एक पाद्री मरणाऱ्या माणसाला प्रसाद द्यायला पायी निघालेला, ओढ्याला पाणी, तर रुडॉल्फनं आपला घोडा त्याला दिला आणि परत घेतलाच नाही. देवाचा प्रसाद ज्या घोड्यावर बसला त्यावर मी कसा बसू. आणि म्हणून देवानं घराण्याला राज्य दिलं, असा हिशेब. तीनशे-साडेतीनशे वर्षांनी स्पेनच्या राजाकडं रुबेन्सचं याच प्रसंगाचं चित्र होतं, आज ते माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. फ्रान्झ जोसेफ दरवर्षी गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, बारा गरीब म्हाताऱ्यांचे पाय धुवायचा, अख्ख्या दरबारासमोर. हा माणूस लोखंडी कॉटवर झोपायचा, पहाटे चारच्या आसपास उठून फाइली बघायचा, आणि हे सगळं प्रजेला माहिती असेल याची व्यवस्था होती. थाट करणारे राजे जगात खंडीभर झाले. साधेपणाचा एवढा थाट यांनाच जमला.

त्याच दफनघरात दोन पेट्या शेजारीच आहेत, बघायला गेलीस कधी तर बघ. अठराव्या शतकातली राणी मारिया थेरेसा आणि तिच्या नवऱ्याची पेटी म्हणजे खोलीएवढी, वर दोघं पलंगावर उठून बसल्यासारखी एकमेकांकडं बघतायत. आणि तिच्यासमोर पोराची, दुसऱ्या जोसेफची, साधी तांब्याची, कोरीव काम नाही काही नाही. घराण्यातल्या बऱ्याच जणांची हृदयं दुसऱ्या चर्चमध्ये आणि आतडी तिसऱ्या चर्चमध्ये ठेवलीत. म्हणजे एक माणूस गेला की शहरातली तीन देवळं घराण्याशी बांधली गेली.

प्रश्न : मारिया थेरेसा तान्हं बाळ हातात धरून हंगेरीच्या सरदारांपुढं रडली आणि त्यांनी तलवारी उपसल्या हे खरं? (सात रस्ता)

सरदारांनी ‘आमचं रक्त आणि प्राण’ म्हणत शपथ घेतली हे खरं, सप्टेंबर १७४१, प्रेसबुर्ग म्हणजे आजचं ब्रातिस्लाव्हा. बाळ त्या दिवशी तिथं नव्हतं. काही दिवसांनी आणून दाखवलं. चित्रकारांनी दोन प्रसंग एकाच फ्रेममध्ये बसवले आणि युरोपात तेच चाललं. तसंही १७४० मध्ये तिचे वडील गेले तेव्हा पुरुषांची हॅब्सबर्ग शाखा संपलेलीच होती, पुढची सगळी मंडळी तिच्या नवऱ्याच्या लोरेन घराण्याची. आडनावात हॅब्सबर्ग पुढं ठेवलं, लोरेन मागं.

प्रश्न : आता ते लोक काय करतात? राजे आहेत का अजून? (होटगी रोड)

नाही. १९१८ ला राज्य गेलं, १९१९ ला ऑस्ट्रियानं कायदाच केला, गादीवरचा हक्क सोडत नाही त्यानं देशाबाहेर राहायचं, आणि सरदारकीच्या सगळ्या पदव्या रद्द, नावातला ‘फॉन’सुद्धा. ऑटोनं १९६१ मध्ये हक्क सोडल्याचं लिहून दिलं तरी देशात पाय ठेवायला त्याला १९६६ उजाडलं. पुढं तो जर्मनीतून युरोपियन संसदेवर निवडून गेला, वीस वर्षं खासदार होता, १९७९ ते १९९९. वारस आजही नोकरी-धंदा करतात, समारंभांना लोक त्यांना जुन्या पदव्यांनी हाक मारतात, आणि तसं नाव लावणं ऑस्ट्रियात अजून गुन्हा आहे. कायद्यात लिहिलेला दंड २०,००० क्रोननपर्यंत, आणि ते क्रोनन चलनातून गेलं १९२५ मध्ये.